अर्धी गोळी

गुणाबाई : म्हातारपनी तरी मानसानं लाज धरावी म्हन्ते मी. आपल्या नातीचा, ऋतुजाचा साखरपुडा, सगळी बैठक भरलेली, अन् ह्यांनी उमरीच्या इहीनबाईचा हात धरला! वर काय म्हन्ले? "गुणा, चल घरी." अठ्ठावन वर्सांत माझं नाव घेतलं न्हाई ह्या मानसानं. घेतलं ते दुसऱ्याच्या बायकूकडं बघून!

वर्षाराणी : मामी, त्याला दहा दिवस झाले. त्या हसल्या पण होत्या. मी काय विचारतेय? मामा उठत का नाहीत?

गुणाबाई : हसली तोंडदेखलं. घरी जाऊन काय बोलली आसंल ते उमरीच्या बाजारात इचार. अन् झोपले तर झोपू दे की. लग्न नऊ दिसांवर आलं, कामं थोडी हायेत का?

वर्षाराणी : काल सकाळपासून झोपलेत. मऊ भात भरवला तो तसाच गालात राहिला. बोट घालून काढला मी. छातीत घरघर वाजतेय.

गुणाबाई : नांदेडच्या डाक्टरच्या गोळीला गुन आला म्हन. सारी गल्ली म्हनून राहिली, म्हातारा देवमानूस झाला. डोस्कं फिरल्यापासून काय कमी तमाशे केले? शेजारच्या शेषेरावाच्या म्हशी दोनदा सोडून दिल्या. मला ढकललं. हे बघ, मनगट आजून काळं हाय.

वर्षाराणी : गोळी किती देताय?

गुणाबाई : डाक्टर म्हन्ला तितकी.

वर्षाराणी : डॉक्टर अर्धी म्हणाले होते, रात्री एकदा. दहा गोळ्यांचं पाकीट वीस दिवस पुरायला पाहिजे. ते चार दिवसांत रिकामं झालं.

गुणाबाई : सून आसून सासूवर पाळत ठिवलीस व्हय गं?

वर्षाराणी : मामी, किती?

गुणाबाई : दीड. सकाळी दीड, सांजच्याला दीड. दुधात कुस्करून. अर्ध्या गोळीनं मानूस अर्धाच गप बसतो, बाई. मला पुरा गप पायजे व्हता.

वर्षाराणी : अहो, डॉक्टर बजावून सांगत होते. ही गोळी म्हाताऱ्या माणसाला लई जपून द्यायची, आयुष्य कमी होतं हिनं. हिंडणारा, भांडणारा म्हातारा एक वेळ टिकतो. अंथरुणाला खिळला, खाणं सुटलं, की मग फार दिवस राहत नाही.

गुणाबाई : हे कवा म्हन्ला त्यो? माझ्या कानावर न्हाई आलं.

वर्षाराणी : तुम्ही तिथंच होतात ना, नांदेडला?

गुणाबाई : व्हते... त्यानं इचारलं, "आजोबांना कपड्यात होतं का?" दोन नर्सा हुभ्या, दारात दुसरं गिऱ्हाईक. मी उठले अन् भाईर बाकड्यावर जाऊन बसले, पदर तोंडावर घेऊन. ज्यानं गावाची भांडनं मिटवली त्याचं हागनं-मुतनं मी चौघांत सांगू? आपला दयानंद, तुझा नवरा, आत व्हता.

वर्षाराणी : यांनी घरी आल्यावर मला सांगितलं. त्यांना वाटलं, तुम्ही ऐकलंय.

गुणाबाई : मंग तू का बोलली न्हाईस? पाकीट तर रोज बघत व्हतीस.

वर्षाराणी : घर शांत होतं, मामी. परवा सोयरे बस्त्याला आले, लुगडी-शालू बघून, जेवून गेले. कुणी एक शब्द बोललं नाही. मलाही बरं वाटत होतं.

गुणाबाई : हं. तू शिकलेली अन् मी आडानी. दोघी सारख्याच निघालो.

वर्षाराणी : तुमच्याकडं यायच्या आधीच फोन केला मी डॉक्टरांना. गोळी बंद, आणि लगेच घेऊन या म्हणाले. निजवून पाणीसुद्धा पाजू नका, उठवून बसवा. हे धर्माबादहून गाडी घेऊन निघालेत.

गुणाबाई : धर तिकडून. आवं... आवं, उठा. आई गं! चार दिसांत किती हलका झाला हा मानूस!

(दोघी ग्यानोबांना भिंतीला टेकवून बसवतात.)

वर्षाराणी : मामा, डोळे उघडा. मामा!

ग्यानोबा : कोन हाय?

गुणाबाई : मीच हाय.

ग्यानोबा : सर तिकडं... भवाने.

गुणाबाई : द्या. आजून द्या शिव्या. वर्षाराणी, बघ, बोलले!

वर्षाराणी : डॉक्टर विचारतील, मामी. किती दिल्या, कुणी दिल्या.

गुणाबाई : मी सांगीन. नर्सा आसू दे न्हाई तर आख्खं नांदेड आसू दे. तू मधी बोलू नको.

वर्षाराणी : आणि लग्नात? उमरीची सगळी मंडळी येणार. मामा परत काही बोलले, केलं, तर?

गुणाबाई : त्ये मी ह्यांनाच सांगते. ऐका वं, मालक. लग्नात तुमी म्होरं बसायचं. नागवं बसायचं तर नागवं बसा, पन जागं बसा.