रामेश्वरचा फोटू

लिवून घे, पन आधी कवाड लाव. तू चवथी शिकली, माह्या भावाची पोरगी आहेस, म्हनून तुले सांगून राहिली.

माहं माहेर आंबागडचं, किल्ल्याच्या पायथ्याशी. धान रोवून, तेंदूपानं तोडून आम्ही वाढलो, आन् मले सिहोऱ्याले देल्लं. घर खाऊनपिऊन बरं, पन दहा वर्सं झाली तरी पाळना हालला नाही. मंग काय सांगू तुले, सासू माह्याशी बोलनं सोडून माह्याबद्दलच बोलाले लागली. यायच्यासाठी, म्हंजे माह्या मालकासाठी, दुसरी बायको म्हनून कारध्याची पोरगी पाहून ठेवली, हे मले बोडीच्या तळ्यावर समजलं. बाया कपडे धुता धुता बोलत, आन् मी दिसली का चूप.

आनीबानी उठली त्याच्या दुसऱ्या साली, धान चुरून झाल्यावर, तुहे मामा, माहे मालक, एकदम म्हनाले, रामेश्वरले जाऊ, दोघंच. आता तूच पाह्य, ज्या मानसानं दहा वर्सांत मले तुमसरचा बजार नाही दाखवला, तो मले समुद्र दाखवाले नेते, काहून? शेजारची म्हातारी म्हने, काशीले नेऊन बाया सोडून येतेत, मालूम आहे ना. मंग नागपूरच्या टेसनावर मी दोघाइचे जायचे-यायचे तिकिटं यायच्या हातातून घेतले आन् पदराच्या गाठीत बांधले. तुमच्यापासून हरपतीन, म्हटलं.

गाडी समुद्रावरच्या पुलावर चढली तं सारे हात जोडून राहिले, आन् मी यायच्या तोंडाकडं पाहून राहिली. पलीकडं बेट, चारही बाजूनं पानी. म्हंजे इथून पायी घरी येता येत नाही, हे मनात पक्कं बसलं.

दोन दिवस यायनं मले सारं गाव दाखवलं. देवळाची ती वसरी, खांबामागं खांब, संपतच नाही. हे म्हनत, पाह्य, किती लांब, आन् मी पाहो का हे कोन्या खांबामागं तं जात नाहीत. पान्यावर तरंगता दगड दाखवला, मी म्हटलं आतून पोकळ असन. देवळात बावीस कुंडं, मानूस काठावर उभा राहून बालटीनं डोक्यावर पानी टाकते. समुद्र हाकेवर आन् पानी गोड, मले त्याचाही संशय, मी एकेका कुंडाचं पानी चाखून पायलं. यायनं शिपल्याची माळ घेऊन देल्ली. जेवढी माया करत तेवढी मले भीती. देवीपुढं बकऱ्याले आधी हार घालतेत ना, तसं.

मंग फोटू. फोटूवाल्यानं मागं पुलाचा रंगवलेला पडदा लावला, इकडं पाहा म्हने. मी यायच्याकडंच पायलं. मनात आलं, पहिली बायको अशी होती म्हनून दाखवाले काढून राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी समुद्रात डुबकी मारून काठावर पंड्यासमोर बसलो. पंडा मोडक्या हिंदीत म्हने, क्या माँगना है. हे म्हनाले, औलाद. आन् दहा वर्सं जे तोंडात नाही आलं ते माह्या तोंडून निघालं. मी म्हटलं, कोनापासून? माह्यापासून का कारध्याच्या पोरीपासून?

पंड्याच्या ओंजळीतलं पानी तसंच राहिलं. हे उठले, दूर वाळूत जाऊन बसले. मी मागं गेली. समुद्राकडं तोंड करूनच म्हनाले, तुह्यात काही नाही. खोट माह्यात आहे. नागपूरच्या डाक्टरानं दोन वर्साआधीच सांगितलं. घरी हे सांगाले माहं तोंड उघडलं नाही, म्हनून तुले इथवर आनलं. मायले सांगू नको.

दोन वर्सं. दोन वर्सं सासू मले वांझ म्हने, आन् हा मानूस बाजूले बसून भात खाये. मी पदराची गाठ घरी येईपर्यंत सोडली नाही.

तीर्थात काहीतरी सोडावं लागते, कोनी वांगं खानं सोडते, कोनी पेरू. यायनं घरी येऊन मायले सांगितलं, मी दुसरं लग्न सोडून आलो. सासू म्हने, हिनंच करनी केली. कारध्याची पोरगी तेवढी सुटली, तिले दुसरीकडं देल्लं, चार लेकरं झाली. मी काय सोडलं ते कोनी इचारलं नाही.

आता सासू नाही, हेही गेल्या साली गेले. जाताना तरी खोट कोनात होती ते चार मानसात बोलतीन वाटलं होतं. नाही बोलले. फोटू भिंतीवर आहे. आल्यागेल्या बाया म्हनतेत, काय माया होती वो बाई, फोटूतही नवऱ्यावरून नजर हटली नाही. मी हो म्हनते.

जा आता, तुही लेकरं वाट पाहत असतीन, सुखी राहोत. आन् वही पदराखाली ने.