आधी हात बांधायचे

हां, बोटं फाकव — अजून — मूठ वळली की पट्टी रुतते, मग ऐन मारामारीत माझ्या नावाने शंख करशील! बघतोस काय असा? आमच्या चर्चची रीतच आहे ही — ज्याच्याशी लढायचं त्याचेच हात आपण बांधायचे, आणि बांधता बांधता आपलं एक पाप त्याच्या कानात सांगायचं. त्याने 'माफ केलं' म्हणायचं, की चला लढायच्या जाळीच्या पिंजऱ्यात! पास्टर वेड आणि त्याचे गिटारवाले गाणं सुरू करतात, ढोल बडवतात, आणि आपण एकमेकांना बडवतो — देवासाठीच की! हसू नकोस. टेनेसीतल्या बाकीच्या चर्चमध्ये म्हातारे पेंगतात, इथे रविवारी सकाळी उभं राहायला जागा नसते. पण तू विनोदी आहेस हं — मघाशी माझे हात बांधताना काय म्हणालास? 'माझं पाप अजून व्हायचंय!' करंगळी वाकडी आहे तुझी. जन्मापासून? बरं, जपून बांधतो.

तर माझं पाप. बायकोला मी — नाही, बायको कुठली आता, बारा वर्षं झाली ती सोडून गेली, मी तिला — ते जाऊ दे. गेल्या रविवारी पास्टरला म्हटलं गुडघा दुखतोय, आणि मासे धरायला गेलो. झालं. म्हण, माफ केलं.

नाही? अरे, पहिल्यांदाच आलायस आणि पास्टरपेक्षा कडक! बरं, खरं सांगू? तीन वर्षांपूर्वी, याच बाकावर, माझा जावई कोडी माझे हात बांधत होता. बांधता बांधता रडायला लागला — म्हणे, 'बाबा, काल मी लोरेटावर हात उचलला, पुन्हा नाही उचलणार.' माझी एकुलती एक पोर! मी म्हटलं, माफ केलं. नुसतं तोंडाने. आत शिरलो आणि पहिलाच गुद्दा जबड्यावर, दुसऱ्याला भुवई फाटली, खाली पडला तसा छातीवर बसलो आणि मारत सुटलो — नाक मोडलं ते ढोलांच्या आवाजातही ऐकू आलं मला. त्याने तीनदा जमिनीवर हात आपटला. हरलो, थांबा, म्हणून. लोकांना वाटलं गाण्याचा ताल धरलाय, तेही टाळ्या वाजवायला लागले! पण मला कळलं होतं रे. एक, दोन, तीन — मोजले मी. तरी मारलं.

चौथ्या दिवशी गेला. सगळे म्हणाले अपघात, देवाची मर्जी. मीही तेच म्हटलं. शवपेटीला खांदासुद्धा दिला मी, निर्लज्जासारखा! लोरेटा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही, तिला तो हवा होता, कसाही असला तरी — अरे, मूठ का वळतोस? सोड ना. पट्टी फाटेल.

ही करंगळी… कोडीचीही अशीच होती. म्हणायचा, आम्हा भावाभावांची सगळ्यांचीच वाकडी.

तू नाव काय सांगितलंस तुझं?

बरं, नको सांगूस. दुसरा हात दे. घट्टच बांधतो, सैल राहिली तर तुझीच बोटं मोडतील. गाणं सुरू झालं बघ. म्हण ना रे — दोनच शब्द आहेत.

नाहीच म्हणणार तू.

चल मग, हो पुढे. आणि हे बघ, मी जमिनीवर हात आपटला तर — नाही, काही नाही. चल.