तलावाखालचं मैदान

सटवा : म्हंजी आपलं मैदान नेमकं कुठं, सर? मला तर सगळं पाणीच दिसायलंय.

सुंदरराव : तो बगळा उभा आहे ना, त्याच्या पुढं पन्नास पावलं. मधली रेघ तिथं. राखेनं आखलेली.

सटवा : बहात्तर साली हितं नुसत्या भेगा व्हत्या. कॉलेजच्या वसतिगृहात प्यायला पाणी न्हाई, म्हनून पोरं घरी धाडली. आन आपली कबड्डीची टीम ह्याच तलावाच्या कामावर, दगड फोडायला.

केसरबाई : अन् तुमच्यामागं तुमचे सर. बिनपगारी रजा टाकून पाट्या उचलायला! मी म्हणलं, कावून? तर म्हणाले, पोरं पांगली तर पुन्हा जमायची नाहीत.

सुंदरराव : तूसुद्धा आलीस की.

केसरबाई : न येऊन काय करते!

सटवा : काम सुटलं की सर सरावाची शिट्टी मारायचे. तांबड्या उन्हात धूळ उडायची. वाटायचं, आपले पाय भुईला लागंनातच. तरंगायलोत.

सुंदरराव : भुकेनं होतं तसं, सटवा.

सटवा : आसंल. पर लई गोड वाटायचं... सर, अठरा वर्सं झाली, आज इचारतो. औरंगाबादची फायनल. येक गुन मागं, शेवटची चढाई. तुमी मला भाहीर बसवलं आन जालिंदरला धाडलं. तो धरला गेला. कावून केलं तसं?

(सुंदरराव काठावरचा एक खडा उचलून पाण्यात टाकतात.)

सटवा : तुमच्याशी बोलनं सोडलं मी. फायनल गेली म्हनून संस्थेनं तुमाला काढलं, तवा म्हनलं, बरं झालं.

केसरबाई : कामावर मजुरांच्या खाण्याची सुकडी मीच वाटायचे, बाबा. तुझा वाटा तू रोज फडक्यात बांधून बहिणींसाठी न्यायचास. मीच सांगितलं ह्यांना.

सुंदरराव : माझ्यातली दिली, तर तीही न्यायचास. त्या दिवशी खेळता खेळता दोनदा तुझे डोळे मिटले. वाटलं, ह्याचा दम तिकडंच तुटंल. हा माघारी यायचा नाही.

सटवा : आन आलो आसतो तर?

सुंदरराव : तर कप आपला होता. नोकरी गेल्यावर साखर कारखान्याच्या गेटवर पहारा करताना रोज डोळ्यांपुढं ती चढाई बघायचो मी. तू जातोस, दोघांना शिवतोस, येतोस. कधी कधी येत नाहीस.

केसरबाई : गेटवर तरी कुठं गप बसले! ऊसतोडीवाल्यांची पोरं गोळा करून गाड्यांच्या मधी कबड्डी.

सटवा : सर, तवाच सांगायचं ना मला!

सुंदरराव : सगळ्यांसमोर? तू उपाशी आहेस म्हणून?



केसरबाई : डोळे पूस, सटवा. वारं लई सुटलंय.

सटवा : सर, माझी थोरली पोरगी चौसाळ्याला शाळेच्या टीममधी हाय. लई चपळ. पर रेघ वलांडायला भिती.

सुंदरराव : उद्या घेऊन ये तिला. काठावर सपाट जागा आहे थोडी.