राजश्रीच्या नावावर सात पोरं

"हॅलो?… हो, राजश्रीच. बोला भावोजी…"

फोन खांद्यावर दाबून राजश्री कोलंबी सोलत होती. समोर खुर्चीत सासूबाई एका डोळ्यावर पट्टी बांधून बसल्या होत्या. कालच रत्नागिरीला त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यासाठी राजश्रीने उपकेंद्रातल्या नर्सच्या नोकरीतून दोन दिवसांची रजा टाकली होती. फोनवर होता सर्वेश, तिचा धाकटा दीर, जयगडच्या एका खाजगी डॉक्टरांकडचा कंपाउंडर.

"आई बऱ्या आहेत… हो, ड्रॉप घातले… पण तुमचा आवाज असा काय येतोय?… कोण येणार? सुपरवायझर बाई? लसीच्या नोंदी तपासायला? चार वाजता? मग येऊ देत… मी काय सांगायचं?… काल मी खलाशांच्या वस्तीवर होते? अहो, काल मी आईंबरोबर हॉस्पिटलात होते! गाडी तुम्हीच ठरवून दिलीत ना?"

पलीकडून तो भराभर काहीतरी सांगत होता.

"थांबा, थांबा… कसली सात पोरं?… गोवराची लस? कोणी टोचली?… भावोजी, कोणी टोचली?"

हातातली कोलंबी तशीच ताटात पडली.

"आणि नोंद? नोंद कोणाच्या नावावर केलीत?"

उत्तर तिला कळलंच होतं. काल सकाळी सासूबाईंना आत नेलं तेव्हाच त्याचा फोन आला होता. वस्तीतल्या पोरांची नुसती नावं चढवून ठेवतो वहिनी, टोचायला तू परवा ये. मोबाईलवर ओटीपी आलाय तेवढा सांग. ती घाईत होती. घरचाच माणूस. तिने सहा आकडे सांगून टाकले. आता लसीकरणाच्या पोर्टलवर सात मुलांपुढे लस देणारी म्हणून तिचं नाव होतं.

"बोटमालकांना पोरांच्या लसीचे दाखले हवे होते म्हणून?… उद्यापर्यंत थांबायला काय झालं होतं?… आठ वर्षं सुया टोचताय, ठाऊक आहे मला. डॉक्टर शेजारी उभे असतात म्हणून टोचताय! पोराला आधी ताप आहे का, बघितलंत? टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवलंत?… नाही ना? मग!"

सासूबाई कान देऊन ऐकत होत्या. त्यांनी हातानेच तिला खूण केली, हो म्हण, होते म्हण. तिने तोंड फिरवलं.

"लस कुठनं आणलीत?… दवाखान्याच्या फ्रिजमधली. बरं… उरलेली? उरलेली म्हणजे?… पाणी मिसळलेली बाटली?… कधीची?… सोमवारची! आज गुरुवार!"

ती उभी राहिली. ही लस एकदा पाण्यात मिसळली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. नंतर तिच्यात जंतू वाढतात आणि त्यानं लहान मूल दगावू शकतं. नर्सच्या प्रशिक्षणात हे तिच्याकडून घोकून घेतलं होतं. सर्वेशला कोणी, कधी शिकवलं असणार?

"पोरं कशी आहेत?… एकच आजारी? कोणाचं?… चिमाचं? रात्रीपासनं उलट्या?… आणि हे तुम्ही आत्ता सांगताय! आधी सुपरवायझर बाईंचं रडगाणं… नाही, मी ओरडणारच! कुठे आहात?… वस्तीवरच ना? चिमाकडे द्या फोन. द्या म्हणते ना!"

तिने श्वास घेतला. आवाज खाली आणला.

"चिमा? मी सिस्टर बोलतेय गो… रडू नको, वायच ऐक. तुझा केरू डोळे उघडतोय का?… हाक मार बघू त्याला… अंग गरम आहे की गार?… जुलाब किती झाले?… बरं. त्याला उचल आणि रिक्षात बस. घरी नाही, दवाखान्यात नाही, थेट रत्नागिरीच्या सिव्हिलला. मी तिथे फोन करून ठेवते… नाही गो, तुझं काय चुकलं? तू विश्वासानं नेलंस त्याला… दे भावोजींकडे."

सासूबाई आता पदर डोळ्याला लावून रडत होत्या. ऑपरेशनच्या डोळ्याला हात लावू नका म्हणून तिने त्यांचा हात धरून खाली आणला, आणि तो तसाच धरून ठेवला.

"भावोजी, रिक्षा मिळाली?… तुम्ही जा बरोबर. बाकीच्या सहांनाही गाडी करून न्या, बरी दिसली तरी. ती बाटली कुठे आहे?… कचऱ्यात? शोधा. डॉक्टरांच्या हातात द्या ती… चार वाजेपर्यंत नाही थांबायचं!… आईंची शपथ कशाला घालताय? आई इथेच बसल्यात…

"हो. कळतंय. तुम्हाला पोलीस नेतील… माझीही नोकरी जाईल, तेही कळतंय. ह्यांना मुंबईला काय सांगू, तेही मला ठाऊक नाही… मी होते म्हटलं तर सगळं मिटेल? काय मिटेल भावोजी? सिव्हिलमधले डॉक्टर विचारतील, लस कुठली, कधीची. मी खोटं सांगितलं तर ते पोराला औषध कशावरचं देणार?"

तो रडत होता. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा दहावीत होता हा. तिच्या हातची भाकरी मागून घ्यायचा.

"ऐकतेय… ऐकतेय मी… नाही, तुमचं एकट्याचं नाव नाही घेणार. आधी माझं घेईन. ओटीपी मी दिला, हे पहिलं. सुई तुम्ही टोचलीत, हे त्याच्यानंतर… भावोजी? रिक्षा सुटली ना?… केरू तुमच्या मांडीवर आहे? त्याला कुशीवर निजवा, उलटी घशात जाईल… हां, तसं. हलवू नका… जा. ठेवते मी. मला सिव्हिलच्या डॉक्टरांना फोन लावायचाय."