ओरखडे कोणी पाडले

माझं कोणी ऐकूनच नाही घेतलं, पाहा. पांढुर्ण्यात डॉक्टरांची नवी गाडी मी धुवायची. आदल्या दिवशी तिच्यावर ओरखडे दिसले, तं मी येताच डॉक्टरीणबाई साऱ्या गल्लीसमोर ओरडल्या, "शेवंतानंच पाडले! उद्यापासून येऊ नको."

"बाई, मी आधी पाणी सोडून रेती वाहू देते, मंग मऊ फडकं फिरवते. कोरडं पुसलं का रेती घासते."

तेवढ्यात डॉक्टर तीच गाडी घेऊन सावरगावहून आले. उतरल्याबरोबर रुमाल काढून धुळीचं बोनट कोरडंच पुसू लागले.

"साहेब, रोज असंच पुसता?"

"रोज! लेकरासारखी जपतो हिला."

बाई पुटपुटल्या, "ह्यांनीच केलं."

"ह्यांनी म्हंजे कोणी? माझं तं नाव घेतलं होतं."

लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. जास्त ताणलं का, असं मलाच वाटून गेलं. पण त्यांनी गल्लीकडे पाहिलं अन् मोठ्यानं सांगितलं, "मनोहररावांनी."