घोड्यावरचा पेनड्राइव्ह

अरे, मेहकरात माझं फोटोचं दुकान होतं ना, तेव्हाची गोष्ट. पेनड्राइव्ह लावला की त्याची नोंद कॉम्प्युटरनं आपोआप करावी, अशी सोय मित्र गजाननने केली होती.

एका लग्नाच्या सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. मांडवात दाखवायचे सगळे फोटो त्यातच!

गजानन म्हणाला, "अबे, सुरू होताना हा नोंदीतला हरेक पेनड्राइव्ह शोधते. काल लावलेला सापडून नाही राह्यला, म्हणून हा अडून बसला."

"कोणाचा?"

"नवरदेवाचा!"

तेवढ्यात वरात दुकानासमोर आली. मी धावत जाऊन घोड्यासमोर उभा राहिलो. "नवरदेव, पेनड्राइव्ह द्या!"

बँड थांबला. नवरदेवानं शेरवानीच्या खिशातून चाव्यांचा जुडगा काढला, त्यालाच पेनड्राइव्ह लटकलेला.

"घ्या. अन् माह्यी नोंद पुसा बरं, नाहीतर उद्या सासुरवाडीतून उठवून आणसान मले!"