नळी सरळ हुती

हंबीरराव : दार लावू नगंस, जाफर. भांडायला आलो न्हाई.

जाफर : भांडायला आलाय असं कोन म्हनलं? तेलाचं हात हायती माजं. थांबा, बाक पुसतो. बसा, सुभेदार.

हंबीरराव : दोन वर्सं ह्या दुकानाम्होरनं मान फिरवून गेलो.

जाफर : बघत हुतो की. काय, फवारनीचा पंप बिघडला व्हय? तुमी बी द्राक्षं लावल्यात म्हनं.

हंबीरराव : पंप गेला खड्ड्यात. पिस्तूल आनलंय.

(तो फडकं सोडून एकबारी पिस्तूल बाकावर ठेवतो. जाफर हात मागं घेतो.)

जाफर : बंदुकीचं काम सोडलं मी. दुकानाचं लायसन परत केलं. नळ्या कातायची लेथ बी गेली.

हंबीरराव : दुरुस्तीला आनलंच न्हाई. ऐक तर. गेल्या म्हयन्यात मिरजंला मोतीबिंदू काढला. काल नवा चश्मा लावून माळावर गेलो आन् पत्र्याची ती चार जनावरं मांडली. कोंबडा, डुक्कर, मेंढा, आन् ती परदेशी कोंबडी.

जाफर : जिला आपली पोरं मोर म्हनत्यात ती.

हंबीरराव : तीच. पलटनीतल्या मेजरसायबानं लय खेळ शिकवलं, पर असला एकच. नुसतं लागून भागत न्हाई, जनावर पाडाय लागतंय. आन् भरायची ती बी एकच गोळी.

जाफर : मेंढा किती लांब मांडला?

हंबीरराव : दोन वर्सांमागं हुता तेवढाच, दोनशे पावलं. पयल्या गोळीला मेंढा उताना! परत उभा केला, परत उताना!

जाफर : पडायलाच पायजे.

हंबीरराव : मंजी तू बसवलेली नळी सरळ हुती. आन् तवा मेंढा चुकला म्हून मी भर माळावर शंभर मानसांत वरडलो, की जाफरनं वाकडी नळी घालून माजं पिस्तूल नासवलं.

जाफर : आनखी एक म्हनला हुता. हुसेनच्या पोराला नळी न्हाई, चिलीम करता येती.

हंबीरराव : ध्यानात हाय व्हय तुज्या?

जाफर : सगळ्या पेठंच्या ध्यानात हाय.

हंबीरराव : जीभ झडावी माजी! पर तू का गप बसलास रं? मानूस उलट शिवी तरी देतो.

जाफर : मला ठावं हुतं.

हंबीरराव : काय ठावं हुतं?

जाफर : तुमचं डोळं गेल्यालं. नेम धरायच्या आधी तुमी मला हळूच इचारलं, 'मेंढा कुठला रं, डावा का उजवा?' मेंढा एकलाच हुता, सुभेदार.

हंबीरराव : आन् तरी बोलला न्हाईस?

जाफर : फौजदार शेजारी उभा हुता. सुभेदाराला दिसत न्हाई म्हनलो असतो, तर सांजच्याला तुमचं लायसन गेलं असतं. पेन्शन घेतल्याली, वैनी गेलेल्या. त्या पिस्तुलाबिगार काय हुतं तुमाला? म्हनलं, दोन दिसांत राग उतरंल, मंग कानात सांगू. तुमी आलाच न्हाई.

हंबीरराव : न्हाई आलो. लय वंगाळ वागलो गड्या. उद्या बाजार हाय न्हवं? पारावर उभा ऱ्हातो आन् सांगतो, जाफरची नळी सरळ हुती, मलाच दिसत न्हवतं. लायसन जाऊंदे गेलं तर.

जाफर : सांगा. लोकं हसतील, च्या पितील, इसरतील.

हंबीरराव : असं नगं बोलू रं. हुसेनचाचा गेलं तवा मी मातीला बी आलो न्हाई, तेच जाळतंय मला. ज्यानं तुला काम शिकवलं, त्या बापाला तरी खरं सांगितलं हुतंस न्हवं?

जाफर : अब्बांच्या पोटात काय ऱ्हात न्हवतं. सांगितलं असतं तर तसंच चावडीवर गेलं असतं. लेथ त्यांनीच इकली. म्हनलं, नाव गेलं, आता हत्यार कशाला?

हंबीरराव : मंग शेवटाला तरी सांगायचं!

जाफर : शेवटच्या दिशी घर मानसांनी भरल्यालं. अब्बांनी माजा हात धरला आन् एक एक बोट चाचपलं. म्हनलं, 'शिकवलं तर नीट हुतं, जाफर. कुठं चुकला रं हात?'

हंबीरराव : आन् तू?

जाफर : म्हनलो, चुकला, अब्बा.